सव्वा एकराचा संसार

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास, म्हणजे ७ जूनच्या आगेमागे, मृग नक्षत्र लागलेले असेल. मृग लागला की शेतकऱ्याच्या घरी पेरणीची गडबड उडते. अलीकडे शहरांतील सुशिक्षित घरांतूनही याच दिवसांत एक निराळी गडबड ऐकू येऊ लागली आहे. नोकरीला विटलेला मुलगा, किंवा कधी कधी सूनच, म्हणते, "गावी थोडी जमीन आहे, तेथे जाऊन साधेपणाने का राहू नये?" वडील माणसांना हा विचार सुखावतो, कारण ज्या ओसरीवर त्यांचे बालपण गेले तिची आठवण त्यात असते, आणि तोच विचार त्यांना धास्तावतोही, कारण त्या ओसरीच्या मागे किती कष्ट होते हेही त्यांना ठाऊक असते.

साधेपणाचा उपदेश आपल्या समाजास नवा नाही. परंतु साधेपण कोणाच्या श्रमावर उभे राहते, आणि त्याचा खर्च कोठून निघतो, हे सांगणारे थोडे भेटतात. इस्लामपूरनजीक आमच्या एकत्र कुटुंबाने सव्वा एकरात बिऱ्हाड केल्यास आता काही वर्षे झाली. तेव्हा या महिन्यात त्याचा जमाखर्च वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम स्थळाविषयी थोडेसे. वाळवे तालुक्याचे हे मुख्य ठिकाण पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. २०२५ साली शासनाने गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचे जाहीर केले. तथापि जुनी सवय म्हणून आम्ही येथे पूर्वीचेच नाव वापरीत आहो. पुणे-बंगळूर रस्त्यावरील पेठ नाक्यावरून पूर्वेस वळले की दोन्ही बाजूंस उसाच्या भिंती लागतात. एकीकडे कृष्णा, दुसरीकडे वारणा, मध्ये खोल काळी जमीन, आणि साखराळ्याचा राजारामबापू पाटील कारखाना हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी येणाऱ्यास वाटते की, येथे काही लावावे आणि स्वस्थ बसावे. त्या भ्रमाचा विचार पुढे करू.

आमच्यासारख्या घरांचे या जमिनीशी असलेले नाते सरळ नाही, हेही येथेच सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. कुळकर्णीपण आणि इनाम यांमुळे पुष्कळ ब्राह्मण घराण्यांकडे जमिनी होत्या, पण नांगर बहुधा दुसऱ्याच्या हाती होता. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली आणि अनेक कुटुंबांनी गाव कायमचा सोडला. त्याच वर्षी कूळकायदा झाला. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे कायद्याने मालक झाली. जळालेल्या घरांचे दुःख खरे आहे. आणि जो पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळीत होता त्याच्या नावे जमीन झाली हा न्यायही खरा आहे. या दोन्ही गोष्टी ज्यास एकदम मनात धरता येत नाहीत, त्याने गावी परत येऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण तो शेती करण्यासाठी येणार नाही. हरवलेली मालकी शोधण्यासाठी येईल, आणि शेजाऱ्यांच्या ते पहिल्याच दिवशी ध्यानात येईल.

माळावर नवा संसार मांडण्याची उदाहरणे या भागास अपरिचित नाहीत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर औंधच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडल रोडच्या ओसाड माळावर आले, तेव्हा तेथे निवडुंग आणि साप यांखेरीज फारसे काही नव्हते. त्यातूनच किर्लोस्करवाडी आणि लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. १९३९ साली औंध संस्थानातच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत स्थापन झाली, आणि शिक्षा झालेल्या माणसांना बायकामुलांसह राहून शेती करण्याची मोकळीक मिळाली. पुढे कोल्हापूरकडील गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभारून असे प्रतिपादन केले की, सूर्यप्रकाश हेच शेतीचे खरे भांडवल असून ते नीट वापरल्यास पाच माणसांच्या कुटुंबाचा निर्वाह दहा गुंठ्यांत होऊ शकतो. तासगावच्या द्राक्षबागाईतदारांवर त्यांच्या विचारांचा मोठा प्रभाव पडला. या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कोणीही केवळ विश्रांतीसाठी तेथे गेले नव्हते.

आता आमच्या जमाखर्चाकडे वळू. सव्वा एकर म्हणजे ५० गुंठे. त्यांपैकी २० गुंठे ऊस, १० गुंठे हळद, १० गुंठ्यांत पावसाळी भुईमूग व त्यावर शाळू, ५ गुंठ्यांत भाजीपाला आणि फळझाडे, व उरलेल्या ५ गुंठ्यांत घर, गोठा आणि खळे. उसाचा हिशेब सोपा आहे. सुरू उसाचे उत्पन्न एकरी ४० टन धरले तर अर्ध्या एकरात २० टन होतात. तोडणी व वाहतूक वजा जाता टनामागे ३,००० रुपये हाती येतात असे मानले, तर वर्षाचे ६०,००० रुपये झाले, म्हणजे महिन्यास ५,०००. यातून बेणे, खत, पाणीपट्टी आणि भांगलणीची मजुरी अद्याप द्यावयाची आहे. शिवाय हे पैसे महिन्याच्या महिन्यास येत नाहीत. ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यावी असा नियम असला, तरी त्यापूर्वी बारा महिने दुकानदार, शाळा आणि डॉक्टर यांना थांबा म्हणता येत नाही.

म्हणून ज्यांना वाटते की शेतीवर आले म्हणजे पैशाची चिंता सुटेल, त्यांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की चिंता सुटत नाही, तिचे रूप पालटते. आमच्या घरी मामंजींचे निवृत्तिवेतन येते आणि धाकट्या जाऊबाई शाळेत शिकवितात. ही दोन वेतने नसती तर आमचा सव्वा एकर आम्हांस पोसू शकला नसता. ज्वारी, शेंगदाणे, भाजी, दूध आणि गूळ विकत आणावे लागत नाहीत, हा लाभ मोठा आहे. पण मुलाच्या शिक्षणाची फी शेंगदाण्यांत भरता येत नाही.

हळदीने आम्हांस उसापेक्षा अधिक शिकविले. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी निघते. मग ती शिजवावयाची, उन्हात वाळवावयाची आणि घासून झळाळी आणावयाची. पाच मण ओल्या हळदीची वाळून साधारण एक मण होते. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकनाने कोणाची हळद आपोआप वाळत नाही. अवकाळी पावसाचे चार थेंब पडले की अंगणभर पसरलेले सारे धन आत घेण्यासाठी लहानथोर सर्वांस धावावे लागते.

आणि आता तो भ्रम. पहिल्या उन्हाळ्यात आमचे भाऊजी मोठ्या उत्साहाने उसास पाणी देत असता शेजारचे एक वृद्ध शेतकरी बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, ऊस पानी पितोय, पवत न्हाई." एवढे बोलून ते निघून गेले. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीचे सारे शास्त्र त्या वाक्यात होते. या जमिनीतून पाणी सावकाश निचरते. अति पाण्याने खालची पातळी वर येते, तिच्याबरोबर क्षार वर येतात, आणि काही वर्षांनी रान पांढरे पडते. वाळवे, मिरज आणि शिरोळ या तालुक्यांत अशी खारावलेली राने आजही पाहावयास मिळतात. पाणी फुकट मिळते म्हणून जो अधिक घेतो, तो आपल्या नातवाची जमीन पितो. भाऊजींनी त्या वर्षापासून ठिबक बसविले, आणि दरवर्षी एक तुकडा ताग गाडून विसाव्यास ठेवण्याचा परिपाठ घातला.

परंतु ज्या विषयासाठी हे लिहावयास घेतले तो निराळाच आहे. साधी राहणी म्हणजे गरजा कमी करणे, असे म्हणतात. आमचा अनुभव असा की, पुरुषांच्या गरजा कमी झाल्या म्हणजे स्त्रियांची कामे वाढतात. बाजारचे पीठ नको म्हटले की दळणाची निगा आली, लोणी घरचे हवे म्हटले की विरजण, घुसळण आणि भांडी आली, पाहुणे "तुमच्याकडे किती शांत आहे!" म्हणून चार दिवस राहिले की चुलीपुढची शांतता भंगली. म्हैस एकादशी पाळीत नाही की रविवार पाळीत नाही. पहाटे आणि सायंकाळी तिला धारेसाठी माणूस लागतेच.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस आमच्या सासूबाईंनी एक गोष्ट केली. त्या कोणास बोलल्या नाहीत. त्यांनी मुलांच्या जुन्या वहीत दिवसभरातील कामांची यादी केली आणि प्रत्येक कामापुढे ते करणाराचे नाव लिहिले. कामे ३१ भरली. त्यांतील २३ कामांपुढे घरातील तिघी स्त्रियांची नावे होती. ती वही त्यांनी रात्री जेवणानंतर मामंजींपुढे ठेवली. मामंजींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "हे साधेपण आपण तुमच्याकडून उसने घेतले म्हणावयाचे." दुसऱ्या दिवसापासून दोन्ही धारा आणि शेणगोठा भाऊजींकडे गेला, दळण आणि हिशेब मामंजींकडे, भाजी काढणे व निवडणे मुलांकडे, आणि रात्रीची भांडी ज्याची त्याने घासावी असे ठरले. मामंजी बहात्तराव्या वर्षी भांडी घासतात ही वार्ता गावात पसरली तेव्हा काहींना हसू आले. पण त्या वर्षीच सासूबाईंनी गुडघ्यांच्या दुखण्याचे औषध सुरू केले. त्यापूर्वी दवाखान्यात जाण्यास त्यांना वेळच सापडला नव्हता.

दुसरा हिशेब मजुरीचा. भांगलणीस येणाऱ्या बायकांना कमी मजुरी देऊन आपण काटकसरीने राहतो असे म्हणणे, हे साधेपण नव्हे. आमच्या बांधावर चालू दराने मजुरी त्याच सायंकाळी दिली जाते, आणि दुपारचा चहा सर्वांस एकाच किटलीतून आणि एकाच तऱ्हेच्या कपांतून मिळतो. जुन्या घरांतील वडील मंडळींना यात सांगण्यासारखे काय आहे हे समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट कागदाची. कष्ट सर्वांचे आणि सातबारा एकाचा, ही रीत पुष्कळ घरांत अजून आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालविली आणि १९९२ साली शासनानेही पतीच्या हयातीत पत्नीचे नाव जमिनीस लावण्याविषयी परिपत्रक काढले. मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली, आणि सबंध देशात २००५ साली मिळाला. ज्या घरी सुनेस शेतीवर न्यावयाचे आहे, तेथे तिचे नाव उताऱ्यावर कोठे आहे हा प्रश्न गाडीत सामान भरण्यापूर्वी विचारावा. आणि ज्यांच्या घराण्यात शेतजमीन मुळीच उरलेली नाही, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, कूळकायद्यान्वये शेतकरी नसलेल्यास आपल्या राज्यात विनापरवानगी शेतजमीन विकत घेता येत नाही.

मग यावे की न यावे? आमच्या मते प्रथम एक सबंध वर्ष यावे. मृगापासून मृगापर्यंत राहावे. पावसाळ्यातील चिखल, दिवाळीनंतरची उसाची तोडणी, माघातील हळदीची धांदल आणि वैशाखातील वणवण हे सारे पाहावे. नदीकाठच्या रानाचा विचार असेल तर २०१९ च्या पुराचे पाणी कोठवर आले होते हे शेजाऱ्यांस विचारावे. नोकरी सोडण्याऐवजी शक्य तर रजा घ्यावी. वर्षाच्या अखेरीस सासूबाईंसारखी वही करावी. तीतील नावे समान वाटली आणि घरातील प्रत्येकास, विशेषतः जी सर्वांच्या आधी उठते तिला, पुन्हा एक वर्ष राहावेसे वाटले, तर खुशाल राहावे. अशा घरास आमचा सव्वा एकरसुद्धा पुष्कळ आहे.

आमच्या रानात आज भुईमुगाचे बियाणे निवडून ठेवले आहे, आणि मुले आभाळाकडे पाहत आहेत. गोठ्याच्या खर्चाचा तपशील, म्हणजे म्हैस घ्यावी की गाय, वैरणीस किती गुंठे राखावे आणि दूध घरचे परवडते की विकतचे, हा विषय मोठा असल्याने पुढील अंकी घेऊ.