हा उशीर नव्हे, मालकाने घेतलेली बिनव्याजी उचल आहे

कुंभारीतल्या प्रत्येक घराला एक साधा प्रश्न. मागचा पगार किती तारखेला झाला? किती झाला ते विचारत नाही, कधी झाला ते विचारतोय.

रक्कम सगळ्यांना पाठ असते. हजार विड्यांचा दर झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील. तारीख विचारली की मात्र उत्तर येतं, "होतो की, जरा मागं-पुढं होतंय." मागं कधीच येत नाही राव, दरवेळी पुढंच जातो!

कायद्यात हे "मागं-पुढं" कुठेच नाही. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यातही तारीख होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. आठवड्याचा हिशेब असेल तर सुट्टीच्या आधी, कामाच्या शेवटच्या दिवशी. रोजंदारी असेल तर पाळी संपताना. काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर 2 कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता. पूर्वी 24 हजारांवर पगार असलेल्यांना हा कायदा लागू नव्हता, आता ती मर्यादाही गेली.

आता बघा. कामगाराने मालकाकडून आधी पैसे घेतले तर ती उचल. ती पगारातून कापली जाते आणि वर चार शब्द ऐकावे लागतात. मग मालकाने कामगाराचे पैसे दहा दिवस वापरले तर ती "अडचण" कशी? समजा 200 कामगार, प्रत्येकाचे 12 हजार. म्हणजे 24 लाख रुपये दहा दिवस फुकट वापरायला. बँक देईल का असं? नाही. म्हणून गरिबाकडून घ्यायचे.

आणि ते दहा दिवस घर कसं चालतं? बचत गटाचा नाहीतर फायनान्सचा हप्ता एक दिवस चुकला की वसुलीवाला दारात. किराणा उधार, तोही चढ्या भावाने. म्हणजे मालकाच्या उचलीचं व्याज आमच्या बायका भरतात.

कुंभारी काही साधं गाव नाही. गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची 10 हजार घरं इथे उभी राहिली. 19 जानेवारी 2024 ला रे नगरच्या 15 हजार घरांच्या चाव्या पंतप्रधानांच्या हातून मिळाल्या. भांडून घर मिळवणारी ही माणसं. पण दराचं भांडण आपल्याला येतं, तारखेचं येत नाही. ते शिकलं पाहिजे.

"कंत्राटदाराने दिले नाहीत, आम्ही काय करू?" हेही चालणार नाही. कंत्राटदाराने बुडवले तर ज्याची आस्थापना, त्या मालकावर जबाबदारी येते. पगार दिल्याचा पुरावा मालकाने द्यायचा, न मिळाल्याचा कामगाराने नाही. दावा 3 वर्षांपर्यंत करता येतो, युनियनमार्फतही. थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे.

मग दुखणं कुठे आहे? भरपाई मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागणाऱ्याचं काम जातं ही भीती. शिवाय नव्या संहितेत पहिल्या चुकीला मालकावर खटला भरण्याआधी सुधारायची लेखी संधी द्यावी लागते. मालकाला संधी, हप्ता चुकलेल्या बाईला कोण देतं? सरकारला खरंच कळवळा असेल तर उशिराच्या प्रत्येक दिवसाचं व्याज आपोआप पगारात जमा करायला लावा. वीजबिलाला उशीर झाला की आमच्याकडून घेताच की!

तोवर आपण एवढं तरी करू. पगाराची तारीख कार्डावर, वहीत, कॅलेंडरवर लिहा. नोटाबंदीनंतर बऱ्याच जणांचा पगार खात्यात येतो, पासबुकावर तारीख छापून मिळते. पगारपावती मागा, तो हक्क आहे. तीन महिन्यांच्या तारखा जमल्या की एकट्याने जाऊ नका. गल्लीतल्या दहा-पंधरा जणींनी मिळून, युनियनला सोबत घेऊन सोलापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कॉमेंटमध्ये कारखान्याचं नाव नको, स्वतःचंही नको. फक्त तारीख टाका. किती जणांची 7 तारीख कधी उजाडते, ते सगळ्या गावाला दिसू द्या.