वाळू गेली कुठे?

वादळ येऊन गेलं की पुढचा क्रम ठरलेला असतो. आडवी झालेली झाडं, उडालेले पत्रे, मंत्र्यांचे दौरे आणि मग पंचनामे. पंचनाम्यात घरं मोजतात, झाडं मोजतात, होड्या मोजतात. किनाऱ्याची उंची किती उरली आणि लगतच्या समुद्राचा तळ किती बदलला, हे मात्र त्या कागदात नसतं. माझ्या मते पुढच्या वादळाच्या दृष्टीने हीच मोजणी सगळ्यात महत्त्वाची आहे.

उदाहरण घेऊ सँडीचं. २९ ऑक्टोबर २०१२ ला हे वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलं. एडिसन किंवा जर्सी सिटीला तेव्हा ऑनसाइट असलेल्यांना ते अंधारातले दिवस आठवत असतील. मँटोलोकिंग नावाच्या गावात समुद्राने वाळूची अख्खी पट्टी फोडून पलीकडच्या खाडीत वाट काढली. पण मला जास्त भारी वाटते ती वेगळीच गोष्ट. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने २६ ऑक्टोबरला, म्हणजे वादळाच्या तीन दिवस आधी, विमानातून लेसर मारून हा किनारा मोजला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विमान परत गेलं आणि पुन्हा मोजणी केली. आपल्या भाषेत सांगायचं तर आधीची व्हर्जन चेक-इन केलेली नसेल तर डिफ काढणार कशाशी?

आता ही मोजणी होते कशी? लेसर हिरव्या रंगाचा असतो, कारण हिरवा प्रकाश पाण्यात बऱ्यापैकी खोल जातो. काही पृष्ठभागावरून परततो, काही तळाला आपटून परततो. दोन्हींमधल्या वेळेच्या फरकावरून खोली कळते. एकाच उड्डाणात वाळूच्या टेकड्याही मोजल्या जातात आणि उथळ समुद्राचा तळही. हा उथळ पट्टा एरवी कोणाच्याच वाट्याला येत नाही. जमीन मोजणारा पाण्यापाशी थांबतो आणि सर्वेक्षणाची बोट फुटणाऱ्या लाटांमध्ये शिरू शकत नाही. त्यामुळे नकाशावर नेमका हाच भाग कोरा राहतो.

गंमत म्हणजे वादळातली बरीचशी वाळू याच कोऱ्या भागात जाऊन बसते. काही आत रस्त्यांवर आणि घरांत शिरते, काही किनाऱ्यासमोर पाण्याखाली दांडा होऊन साठते. समुद्र शांत झाला की त्यातली काही हळूहळू परतही येते. फक्त कोरडी जमीन मोजली तर वाटेल, सगळं वाहून गेलं, आता भिंत बांधा! तळ मोजला तर कळतं की वाळू इथेच आहे, थोडं थांबा. एका आकड्याअभावी कोट्यवधींची भिंत उभी राहू शकते, किंवा गरज असताना राहतच नाही.

पुढची अडचण आपल्या ओळखीची आहे. दोन डेटाबेस जोडायचे आणि दोघांचं शून्य वेगळं! जमिनीची उंची एका शून्यापासून मोजतात आणि समुद्राची खोली ओहोटीच्या पातळीपासून, कारण जहाजाला कमीत कमी पाणी किती मिळेल हे महत्त्वाचं. सँडीच्या रात्री न्यूयॉर्कच्या बॅटरी या ठिकाणी पाणी ओहोटीच्या शून्यापासून १४ फुटांवर गेलं. जमिनीच्या शून्यापासून तेच पाणी सव्वाअकरा फूट भरतं. पाणी तेच, मिनिटही तेच, फरक पावणेतीन फुटांचा. तळमजल्यावर राहणाऱ्याला हा फरक तांत्रिक वाटणार नाही. तिकडे हे रूपांतर करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सँडीनंतर जमीन आणि तळ एकत्र शिवून सुमारे ३ मीटरच्या चौकटींचे नकाशे तयार केले, तेही कोणीही उतरवून घेऊ शकतो.

आपल्याकडेही हा घोळ रोजच्या वापरात आहे. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची. पेपरात येणारी भरतीची उंची मात्र नाविक नकाशाच्या शून्यापासूनची, आणि मुंबईत हे शून्य सरासरी पातळीच्या साधारण अडीच मीटर खाली आहे. २६ जुलै २००५ ची ४.४८ मीटरची भरती म्हणजे स्टेशनच्या पाटीच्या हिशेबात दोनच मीटर. कितीजणांना माहीत असतं हे? जमीन मोजणारी सर्व्हे ऑफ इंडिया आणि समुद्र मोजणारं नौदलाचं हायड्रोग्राफिक कार्यालय, दोघांचं मुख्यालय डेहराडूनला. एकाच गावात!

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. सुपारीच्या आणि नारळाच्या बागा झोपल्या, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. पण दिवेआगरच्या पुळणीचं आधीचं आणि नंतरचं चित्र, उंचीसकट आणि तळासकट, तुम्हाआम्हाला उतरवून घेता येईल अशा फाइलीत हवं. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ चा अभ्यास करून सांगितलं की देशाचा ३३.६ टक्के किनारा झिजतो आहे. चांगलं काम आहे. पण किनाऱ्याची रेषा किती मागे सरकली एवढंच त्यातून कळतं. लाटेला अडवते ती उंची, रेषा नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला सुरक्षेचा. नौदलाच्या तळाजवळची खोली गुप्त ठेवा ना, कोण नाही म्हणतंय? पण पर्यटकांच्या पुळणीत कसलं गुपित? शिवाय फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारनेच नकाशांचे नियम बरेच सैल केले आहेत. दुसरा आक्षेप गढूळ पाण्याचा. बरोबर आहे, गाळाच्या पाण्यात लेसर लवकर दम तोडतो. मग तिथे छोट्या होडीवर आवाजाने खोली मोजणारं यंत्र लावा आणि पुळणीवर ड्रोन उडवा. मोजक्या किनाऱ्यांपासून सुरुवात करा.

मागणी साधी आहे. दरवर्षी मे महिन्यात एकदा, पाऊस संपल्यावर एकदा, जमीन आणि तळ एकाच शून्यापासून मोजा आणि फाइल सगळ्यांसाठी ठेवा. लाटा कुठवर येतील याचं गणित करणारे विद्यार्थी आपल्याकडे भरपूर आहेत. बंधारा हवा की नको यावर भांडणाऱ्या ग्रामपंचायतीही आहेत. त्यांच्या हातात आकडे द्या, मग भांडण तरी मुद्द्याचं होईल. आणि हे वादळाच्या आधी व्हायला हवं, कारण आधीची मोजणी नंतर करता येत नाही.