रुग्णालयाच्या दारातील शंभर पावले

शिवाजी पार्कच्या रहिवाशांना मैदानाचा जेवढा अभिमान आहे, तेवढाच हाकेच्या अंतरावर असलेल्या वैद्यकीय सोयींचाही आहे. आणि तो अनाठायी नाही. डॉ. रणदिवे यांच्या पुढाकाराने सहकारी तत्त्वावर उभे राहिलेले ‘शुश्रूषा’ रानडे रोडच्या परिसरात आहे, वीर सावरकर मार्गाने माहीमकडे जाता हिंदुजा रुग्णालय लागते, आणि गल्लोगल्ली लहान शुश्रूषागृहे आहेत ती निराळीच. परंतु रुग्णालय जवळ असणे आणि रुग्ण तेथे सुखरूप पोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गिरगावाहून निघालेली टॅक्सी अर्ध्या तासात दादरला येते. पण शेवटची शंभर पावले तिला पार करवत नाहीत. पदपथाच्या कडेला मोटारींची अखंड रांग उभी असते. टॅक्सी भर रस्त्यात थांबते, मागील वाहने कर्णे वाजवू लागतात, आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला त्या कोलाहलात, दोन मोटारींच्या फटीतून वाट काढीत, दारापर्यंत न्यावे लागते.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयाभोवती किमान शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र राखण्याची तरतूद केली. त्याच शंभर मीटरांत कर्ण्यांचा कल्लोळ सर्वांत अधिक असावा, यातील विसंगती निराळी सांगावयास नको.

स्वतःची मोटार घेऊन येणाऱ्याची स्थिती याहून बरी असेल असे कोणी समजू नये. या भागात वृद्ध दांपत्यांची घरे पुष्कळ आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, नाहीतर अमेरिकेत. पंचाहत्तरीचे गृहस्थ आजारी पत्नीला स्वतः मोटार चालवून तपासणीस नेतात. येथे खरा पेच उभा राहतो, कारण जो हात सुकाणूवर आहे त्याच हाताने रुग्णाला आधार द्यावयाचा असतो. मोटार दाराशी सोडावी तर वाहतूक पोलिसांची गाडी ती उचलून नेणार. जागेच्या शोधात मैदानाला प्रदक्षिणा घालावी तर तोपर्यंत रुग्ण दाराशी एकटा! पहारेकऱ्याचे म्हणावे तर ‘पुढे घ्या, पुढे घ्या’ या दोन शब्दांपलीकडे त्याला काही शिकविलेले नसते.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. रुग्णालयाच्या प्रवेशद्वारानजीक वाहन उभे करू नये, असे १९८९ च्या रस्ते-नियमांनीच सांगितले होते. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली. ती योग्यच आहे. पण बहुसंख्य रुग्ण रुग्णवाहिकेने येतच नाहीत. ते टॅक्सीने येतात, शेजाऱ्याच्या मोटारीतून येतात, पुत्राच्या स्कूटरवर मागे बसूनही येतात. त्यांच्या वाहनावर ना घंटा, ना लाल दिवा.

मग ही कड व्यापली आहे कोणी? काही मोटारी खरेदीस आलेल्यांच्या असतात, काही दुकानदारांच्या. परंतु वाचकांनी राग मानू नये. पुष्कळशा आपल्याच आहेत. १९२५ साली हे मैदान लोकांस खुले झाले, १९२७ साली त्यास शिवछत्रपतींचे नाव मिळाले आणि पुढील काळात भोवती तीन-चार मजली टुमदार इमारती उठल्या. त्या बांधणाऱ्यांना प्रत्येक बिऱ्हाडाची एक मोटार होईल, कित्येकांच्या दोन होतील, हे स्वप्नातही दिसले नसेल. आज त्या मोटारींना सार्वजनिक रस्ता हेच फुकटचे घर झाले आहे. ज्या मोटारीवर कापडी अभ्रा घातलेला आहे ती कोणाच्या आजारपणासाठी तेथे उभी नाही, हे सांगण्यास ज्योतिषी नको. जपानात मोटार ठेवण्यास जागा असल्याचा दाखला देण्याचे बंधन १९६२ च्या कायद्याने आले. आपल्याकडे परिवहन मंत्री श्री. प्रताप सरनाईक यांनी २०२५ साली तशी घोषणा करताच केवढी कुजबुज झाली!

याच रहिवाशांनी २०१० साली उच्च न्यायालयाकडून शिवाजी पार्कला शांतता क्षेत्र ठरविलेले पाहिले आणि त्याचे स्वागत केले. कानांसाठी दाखविलेला तो आग्रह रुग्णांच्या वाटेसाठी का दाखवू नये?

काही जण मैदानाखाली भुयारी वाहनतळ खोदावा असे सुचवितात. आम्हांस ते मान्य नाही. रुग्णाला दिवसभर मोटार ठेवण्याची जागा नको आहे. त्याला दाराशी दहा मिनिटे हवी आहेत. तीन टॅक्सी एकामागून एक उभ्या राहतील एवढी कड प्रत्येक रुग्णालयासमोर केवळ चढ-उतारासाठी राखावी, तेथे चाकांची खुर्ची घेऊन एक माणूस दिवसरात्र उभा असावा आणि त्याचा खर्च रुग्णालयाने सोसावा. राहिला प्रश्न रुग्णाला उतरविल्यानंतर मोटारीचे काय करावयाचे हा. कोहिनूर स्क्वेअरमध्ये महापालिकेचा वाहनतळ आहे. दादरच्या बाजारात येणाऱ्या ग्राहकांच्या मोटारी नेऊन तेथे ठेवण्याची सेवा २०२३ साली सुरू करण्यात आली. साडी घेणाऱ्याची मोटार नेण्यास चालक ठेवावा, आणि डायलिसिसला आलेल्यासाठी मात्र ठेवू नये, हा प्राधान्यक्रम आम्हांस कळत नाही. इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांत अपंगांना, वरचेवर उपचारास येणाऱ्यांना आणि आजारी मुलाजवळ रात्र काढणाऱ्या आईबापांना वाहनतळाचे भाडे माफ आहे. गरज पाहून जागा देणे अशक्य नाही, एवढे तरी यावरून दिसते.

समाचारास येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. एका रुग्णामागे पाच जण, दोन मोटारी आणि एक शहाळे, ही आपली रीत. मे २०२५ पासून दादर आणि शीतलादेवी येथे भुयारी मेट्रो थांबते. ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांनी मोटार घरीच ठेवावी.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लक्षावधी लोक येतात. त्या वेळी कोणता रस्ता बंद, कोणत्या गल्लीत वाहने उभी करू नयेत, हे पोलीस आधीच जाहीर करतात आणि ते पाळले जाते. म्हणजे शक्ती आहे, योजनाही करता येते. उरलेल्या दिवसांसाठी महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने, वाहतूक पोलिसांनी आणि रुग्णालयांच्या व्यवस्थापकांनी एकत्र बसून राखीव कड आखून घ्यावी, आणि पहिला प्रयोग रानडे रोडच्या भागात करावा. त्यात आमच्या काही वाचकांच्या मोटारी हलवाव्या लागतील, रात्रीच्या जागेस भाडेही पडेल. ते त्यांनी द्यावे.