मिशरी सोड म्हणण्याआधी

नांदेड-लातूरच्या खेड्यांत विडी ओढणारी बाई क्वचितच; मिशरी लावणाऱ्या मात्र पुष्कळ. मिशरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने वारेतून बाळाला पोचणारे रक्त कमी होते. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मिशरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही जास्त.

हे प्रत्येकीला कळलेच पाहिजे. पण नुसते दटावणे सोपे आहे. उपाशीपोटी खुरपायला जाणारीची भूक मिशरी मारते, दुखरी दाढ बधिर करते. तिला पोटभर जेवण, दातांवर उपचार कोण देणार? नवऱ्याच्या विडीचा धूरही त्याच गर्भाला बाधतो; उपदेश मात्र एकट्या बाईला! मैत्रिणींनो, हा प्रश्न आता ग्रामसभेत, पुरुषांसमोर मांडू या.