स्वस्त विमान : कोणाला स्वस्त?

विमान म्हणजे श्रीमंतांचे वाहन, ही समजूत आता मोडीत निघत आहे. 1977 साली फ्रेडी लेकर यांनी 'स्कायट्रेन' काढून लंडन-न्यूयॉर्क प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. 1982 साली ती कंपनी बुडाली. कल्पना मात्र बुडाली नाही. आपल्या देशात कॅप्टन गोपीनाथ यांनी 2003 साली एअर डेक्कन सुरू केली. पुढे स्वस्त सेवेतूनच मोठ्या झालेल्या इंडिगोने जुलै 2025 मध्ये मुंबईहून थेट मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅमची उड्डाणे सुरू केली. तेव्हा बल्लारपूरच्या मुलानेही परदेशी शिक्षणाचे स्वप्न पाहायला हरकत नाही.

पण मित्रहो, स्वस्त म्हणजे नेमके काय? जुन्या पद्धतीच्या कंपनीच्या तिकिटात लांबच्या प्रवासासाठी जागा, सामान, जेवण, पांघरूण हे सारे सहसा धरलेले असते. स्वस्त कंपनी ते सुटे करून विकते. मूळ तिकिटात मिळते ती बसायची जागा आणि बहुधा सातेक किलोची हातपिशवी. मोठ्या बॅगेचे पैसे निराळे, खिडकीचे निराळे, जेवणाचे निराळे. काही कंपन्या तर घरून चेक-इन न केल्यास विमानतळावर त्याचेही पैसे लावतात. दोन तासांच्या प्रवासात हे निभावते. दहा-अकरा तासांत मात्र भूक, थंडी आणि आखडलेले गुडघे आपली किंमत वसूल करतात.

आमच्या वस्तीतील एक दादा असाच शिकायला परदेशी गेला. तिकीट स्वस्तात मिळाले म्हणून घरात केवढा आनंद! विमानतळावर बॅग जड भरली. जादा वजनाचे पैसे तिकीट काढतानाच भरले असते तर थोडक्यात भागले असते. काउंटरवर मात्र भलतीच रक्कम सांगितली. शेवटी आईने दिलेली जवसाची चटणी, एक चादर आणि दोन जाड पुस्तके मागे राहिली. पुस्तके मागे ठेवून शिकायला जायचे, याला काय म्हणावे?

सुटे विकण्याला माझा विरोध नाही. ज्याच्याजवळ बॅगच नाही, त्याने दुसऱ्याच्या बॅगेचे पैसे का भरावेत? माझा आक्षेप आहे तो किंमत सांगण्याच्या क्रमाला. माझे वडील येथील लाकूड डेपोत मजुरी करतात. तेथे प्रत्येक लाकडावर क्रमांक, लांबी आणि गोलाई लिहिलेली असते. घेणारा ती पाहतो, मगच लिलावात बोली लावतो. विमानाच्या तिकिटात मात्र आधी बोली लागते आणि लाकडाचे माप नंतर कळते!

कोणी म्हणेल, नियम वाचायला कोणी मनाई केली आहे? खरे आहे. पण ते नियम बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि आडबाजूला असतात. ज्याच्या घरात चार जण विमानाने फिरलेले आहेत, त्याला ते जेवताना बोलता बोलताच कळतात. ज्याच्या घरातून पहिल्यांदाच कोणी निघाले आहे, त्याला ते काउंटरवर पैसे मोजून शिकावे लागतात. म्हणजे एकच तिकीट अनुभवी माणसाला स्वस्त आणि गरिबाला महाग पडते. हा न्याय नव्हे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बॅग, जागा, जेवण धरून एकूण खर्च किती, हे पैसे घेण्यापूर्वी एकाच ठिकाणी आणि मराठीतही सांगितले जावे.

तोवर आपणच सावध राहू या. बॅग घरीच तोलावी. शाल आणि कोरडा खाऊ हातपिशवीत ठेवावा. पाण्याची बाटली तपासणीपर्यंत रिकामी न्यावी, कारण परदेशी प्रवासात अनेक विमानतळांवर हातातील बाटलीत 100 मिलिलिटरच्या वर द्रव नेता येत नाही. दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटे जोडून प्रवास करताना मध्ये भरपूर वेळ ठेवावा. पहिले विमान उशिरा पोचले तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. आणि तिकिटावर 'पैसे परत नाहीत' असे असले, तरी प्रवास न केल्यास सरकारी कर व विमानतळ शुल्क परत मिळावे, असा आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे, हे विसरू नये.

आपल्या महाविद्यालयाने वर्षातून एक तास या माहितीसाठी दिला, तर ज्यांच्या घरी हे सांगणारे कोणी नाही, त्यांना ते घर लाभेल.

— बी. ए. भाग 2