मातीत कोंडलेले स्फुरद

शिरूर-दौंडच्या भीमा-घोडकाठी ऊस आला की डीएपीच्या गोण्या आल्याच. पण चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत घातलेल्या स्फुरदाचा बराचसा भाग चुन्याशी बांधला जातो. पहिल्या हंगामात पिकाला मिळतो तो जेमतेम पाचवा हिस्सा. बॅसिलस, स्यूडोमोनास हे जिवाणू सेंद्रिय आम्ले स्रवून हे बंधन सोडवतात आणि स्फुरद मुळांच्या स्वाधीन करतात. १०० लिटर पाण्यात १.२५ किलो संवर्धक कालवून बेणे अर्धा तास बुडवायचे, एवढेच काम! मोरोक्को-जॉर्डनहून फॉस्फेटचा खडक आणणाऱ्या देशाने घरचे हे धन उपेक्षावे, याला काय म्हणावे? अर्थात संवर्धकाची पुडी म्हणजे जादू नव्हे. जिवाणूंना सेंद्रिय कर्ब हवा, आणि पाचट पेटवणाऱ्याच्या शेतात ते उपाशीच मरणार. साखर कारखान्यांनी बेण्यासोबत संवर्धकही बांधावर पोहोचवावे. पाचट कुजवण्याचा आग्रहही त्यांनीच धरावा.