बेण्याची परीक्षा होते, तापाची का नाही?



उतिसंवर्धित ऊसरोपांना प्रमाणपत्र देण्यापूर्वी ती विषाणूमुक्त आहेत की नाहीत, हे प्रयोगशाळेत जनुकीय चाचणी करून पाहतात. पान हिरवेगार दिसते एवढ्यावर कोणी दाखला देत नाही. बेण्याच्या बाबतीत आपण इतके चोखंदळ झालो, हे योग्यच झाले. पण त्याच उसात राबणारा माणूस तापाने फणफणला, तर त्याच्या तापाचे नाव मात्र अंदाजाने ठरते. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, मग 'व्हायरल' म्हणायचं अन् सलाईन लावायचं! हे आम्हांस पटत नाही.

आम्ही बोलतो आहोत ते स्क्रब टायफस या तापाबद्दल. गवतात, झुडपांत, बांधावरच्या रानात एक अतिसूक्ष्म लालसर कीटक असतो. (पिकावर पडणारा लाल कोळी तो हा नव्हे, नात्यातला आहे इतकेच.) त्याची अळी उंदरांच्या अंगावर जगते आणि सापडला तर माणसालाही चावते. चावलेले कळतसुद्धा नाही. आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे सुरू होते. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली विडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसली तर निदान सोपे. पण ती पुष्कळांना उठतच नाही, आणि उठली तरी लाजेकाजेने दाखवली जात नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भात या तापाने माणसे दगावली. तेव्हा हे दूरदेशीचे दुखणे आहे, असे कोणी समजू नये.

चीड येते ती याची, की औषध स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या तर बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. उलट पेनिसिलीनच्या जातीची इंजेक्शने कितीही टोचा, या जंतूवर ती चालत नाहीत. तोवर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर परिणाम होऊन रोगी अत्यवस्थ होतो. म्हणजे अडले आहे ते औषधापाशी नव्हे, ओळखण्यापाशी.

आजच्या नेहमीच्या चाचण्या रक्तातील प्रतिपिंडे पाहतात. वाइल-फेलिक्स ही त्यातली जुनी व स्वस्त, एलायझा ही जास्त भरवशाची. पण प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे आठवडा लागतो. म्हणजे ज्या दिवसांत निदान हवे, नेमक्या त्याच दिवसांत अहवाल 'निगेटिव्ह' येऊ शकतो! शिवाय जुन्या आजाराची प्रतिपिंडे अनेक महिने रक्तात राहतात, तो घोटाळा वेगळाच.

जनुकीय चाचणी, म्हणजे पीसीआर, प्रत्यक्ष जंतूचाच माग काढते. मात्र हा जंतू मोठा बेरकी. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हे त्याचे नाव. तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींत दडून बसतो. रक्तात थोडाच सापडतो, आणि तोही थोडेच दिवस. त्यातून ज्या ५६ किलोडाल्टन प्रथिनाच्या जनुकावरून तो पूर्वीपासून शोधतात, ते जनुक मुलखागणिक बदलते. एका भागातल्या वाणावर बेतलेली चाचणी दुसऱ्या भागात चुकू शकते. म्हणून पुढे ४७ किलोडाल्टन प्रथिनाच्या, फारसे न बदलणाऱ्या जनुकाचा आधार घेतला गेला. २००७ साली या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात काही जनुकांच्या पुष्कळ प्रती असल्याचे दिसले. तेच जनुक शोधले तर जंतू थोडे असूनही सापडण्याची शक्यता वाढते. पोत्यात एकच खडा शोधायचा की मूठभर, असा हा फरक. आणि खपली असेल तर रक्तापेक्षा खपलीचा नमुना सरस, औषध सुरू केल्यानंतरही पुष्कळदा उपयोगी पडणारा. ही काळी खपली टाकून देण्याजोगी नाही, हे आपल्याकडच्या परिचारिकांनाही सांगायला हवे.

नीट शोध घेतला तर काय घडते, हे गोरखपूरने दाखवले. तिथे दर पावसाळ्यात मेंदूज्वराने मुले जात. वर्षानुवर्षे बोट जपानी मेंदूज्वराकडेच होते. २०१५ च्या सुमारास तपासण्या झाल्या, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ मुलांत स्क्रब टायफस निघाला. मग तापाच्या सुरुवातीलाच डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन देण्यावर भर आला.

आता यंत्रे नाहीत, ही सबब चालणार नाही. करोनाच्या काळात जागोजाग पीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. क्षयासाठी वापरले जाणारे, बॅटरीवर चालणारे ट्रुनॅट यंत्र तर शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे. आपल्या मातीतले वाण गोळा करून त्यांवर पारखलेली, कमी खर्चाची चाचणी अशा छोट्या यंत्रांवर ग्रामीण रुग्णालयापर्यंत आली पाहिजे. तोवर, अहवाल यायचा आहे म्हणून डॉक्टरांनी औषध अडवून ठेवू नये, हेही तितकेच खरे. संशय आला की गोळी सुरू, नमुना सोबत रवाना.

गळीत हंगामात तोडणी कामगारांच्या कोप्या पडतात त्या बहुधा गवताळ पडीक जागेवर. कोप्या पडण्याआधी ती जागा साफ करावी, उंदरांचा बंदोबस्त करावा, आणि पाच दिवसांवर ताप गेलेल्या प्रत्येकाचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवण्याची व्यवस्था कारखान्याने आरोग्य खात्याशी बोलून करावी. येत्या वार्षिक सभेपुढे हा ठराव सभासदांनीच आणावा, अशी आमची विनंती आहे. सूचक-अनुमोदकांनी नावे शेतकी गट कार्यालयात द्यावीत.